विसरण्याची कारागिरी

कुठल्याही संगणकावर एखादी फाइल नुसती उघडून बंद केली, तरी तिच्या खुणा अनेक ठिकाणी उरतात. अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीत तिचं नाव राहतं, छोट्या चित्रांच्या साठ्यात तिची प्रतिमा राहते, रॅम अपुरी पडली की डिस्कवरची जी जागा वापरली जाते त्या स्वॅपमध्ये तिचे तुकडे जाऊन बसतात आणि यंत्रणेच्या नोंदींत ती उघडल्याची वेळ पडते. फाइल पुसली तरी यातलं बरंचसं शिल्लक असतं. आठवण ठेवणं हे संगणकाच्या अंगात इतकं मुरलेलं आहे, की ज्याला माग ठेवायचा नाही त्याने नंतर पुसत बसून भागत नाही. मुळात काही लिहिलंच जाणार नाही अशी रचना आधीपासून असावी लागते. पेनड्राइव्हवरून चालणारी टेल्स ही संगणकप्रणाली म्हणजे ती रचना, आणि विसरणं इतक्या कष्टाने, इतक्या बारकाईने घडवलेलं दुसरं सॉफ्टवेअर मला माहीत नाही.

2009 च्या जूनमध्ये ते पहिल्यांदा ‘अम्नेशिया’ या नावाने बाहेर आलं. त्याआधी जेंटू लिनक्सवर बेतलेली ‘इन्कॉग्निटो’ नावाची एक प्रणाली होती. तिचा वारसा घेऊन दोन्ही नावं एकत्र आली आणि ‘द अम्नेसिक इन्कॉग्निटो लाइव्ह सिस्टिम’ असं लांबलचक नाव झालं. टेल्स हे त्याचंच आद्याक्षरी रूप. पाया मात्र डेबियन लिनक्सचा. 2013 मध्ये अमेरिकेची गुप्त कागदपत्रं उघड करणारा एडवर्ड स्नोडेन आणि पत्रकार लॉरा पॉइट्रस व ग्लेन ग्रीनवाल्ड यांच्यातल्या गुप्त संपर्कात टेल्स वापरलं गेलं आणि त्याचं नाव जगभर झालं. ती कीर्ती ऐकून आलेले अनेक जण पेनड्राइव्ह लावतात, समोर नेहमीचा ग्नोम डेस्कटॉप पाहतात आणि जरा हिरमुसतात. वरून पाहिलं तर खरंच काही दिसत नाही. या कृतीची गोडी तिच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात पेनड्राइव्हपासूनच करू. किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावर अख्खी प्रणाली स्क्वॅशएफएस या दाबून बसवलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या स्वरूपात असते. पण प्रत्येक प्रोग्रामला चालताना काही ना काही लिहावं लागतंच. लिहायला जागाच नसेल तर तो बंद पडेल. म्हणून त्या वाचनीय थरावर एक दुसरा, लिहिता येणारा थर अंथरला जातो आणि तो असतो निव्वळ रॅममध्ये. प्रोग्रामला वाटतं आपण डिस्कवर लिहितोय. प्रत्यक्षात ते सारं वीज आहे तोवरचं असतं. आतली हार्ड डिस्क आपणहून जोडली जात नाही आणि डिस्कवरचा स्वॅपही वापरला जात नाही. मांडणी इतकी साधी आहे की तिच्यात फसण्याजोगी जागाच कमी. हजारो प्रोग्रामना त्यांची लिहायची सवय सोडायला न लावता, त्यांच्या एकाही ओळीला हात न लावता, सगळ्यांचं लेखन एका थराच्या चतुराईने क्षणभंगुर करून टाकलं आहे.

डेस्कटॉप दिसण्याआधी एक स्वागत-पडदा येतो. भाषा, कळफलक, असलाच तर कायमच्या साठ्याचा संकेतशब्द, आणि खाली काही जादा पर्याय: प्रशासकाचा संकेतशब्द ठेवायचा का, जाळ्याशिवायच काम करायचं का, वगैरे. बहुतेक जण तो पडदा ओलांडून जायची घाई करतात. मात्र तो पडदा समोर असताना यंत्राच्या नेटवर्कचं काय चाललेलं असतं, हे पाहण्यासारखं आहे. काहीच चाललेलं नसतं. नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर मुद्दाम रोखून धरलेले असतात, आणि वापरणाऱ्याने ‘सुरू करा’ म्हटल्यावरच ते मोकळे होतात. कारण असं, की प्रत्येक कार्डाचा एक मॅक पत्ता असतो, कारखान्यात दिलेला, आणि वायफायचं कार्ड जागं झालं की हा पत्ता आसपासच्या हवेत जाऊ लागतो. टेल्सला तो पत्ता बदलायचा असतो. आधी कार्ड जागं करून मग पत्ता बदलला, तर मधल्या क्षणी खरा पत्ता निसटून जाईल. तेवढ्या एका क्षणासाठी हा सगळा बंदोबस्त.

आणि पत्ता बदलतानाची नजाकत तर खास दाद द्यावी अशी. मॅक पत्त्याचे दोन भाग असतात: पहिला अर्धा भाग कार्ड कोणत्या कंपनीचं ते सांगतो, उरलेला अर्धा ते नेमकं कोणतं कार्ड ते. नवख्या माणसाला वाटेल, सगळाच पत्ता यादृच्छिक करून टाकावा. टेल्स तसं करत नाही. कंपनीचा भाग तसाच ठेवतं आणि फक्त दुसरा अर्धा बदलतं. पूर्ण यादृच्छिक पत्ता म्हणजे बहुधा अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचा पत्ता. एखाद्या वाचनालयाच्या किंवा हॉटेलच्या नेटवर्कच्या नोंदींत तो लगेच डोळ्यांत भरेल. लपण्यासाठी अनोळखी व्हायचं असतं, विचित्र नव्हे, हे भान त्या अर्ध्या बदलात आहे. शिवाय काही कारणाने पत्ता बदलणं जमलंच नाही, तर टेल्स ते कार्ड बंदच करून टाकतं. खऱ्या पत्त्यानिशी जोडणी करण्यापेक्षा जोडणी न झालेली बरी, हा निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो.

याच भानाची दुसरी बाजू म्हणजे एकसारखेपणा. प्रत्येक टेल्समध्ये वापरकर्त्याचं नाव ‘अम्नेशिया’, यंत्राचं नावही ‘अम्नेशिया’. पृथ्वीवर कुठेही बसा. टेल्समधल्या टॉर ब्राउझरची, म्हणजे टॉर या निनावी जाळ्यातून संकेतस्थळं उघडणाऱ्या ब्राउझरची, खिडकी मोठी केली की पानाच्या कडेला करड्या पट्ट्या दिसतात. अनेकांना तो दोष वाटतो, ‘पान नीट भरत नाही’ म्हणून. प्रत्यक्षात संकेतस्थळाला ब्राउझरच्या आतल्या जागेची लांबी-रुंदी कळते आणि पडद्याच्या विशिष्ट मापावरून माणूस वेगळा ओळखता येतो. म्हणून पानाची रुंदी 200 च्या आणि उंची 100 च्या पटीत छाटली जाते, म्हणजे हजारो लोक मोजक्याच मापांत बसतात. त्या करड्या पट्ट्या एकदा समजल्या की त्यांच्याकडे वैतागून पाहवत नाही. गर्दीत मिसळण्यासाठी मुद्दाम सोडून दिलेली ती जागा आहे.

आता जाळ्याकडे. टेल्समधून बाहेर जाणारं सगळं टॉरमधून जातं: आधी एक प्रवेशाचं केंद्र, मग मधलं, मग बाहेर पडण्याचं, आणि तिघांपैकी कुणालाही पूर्ण रस्ता माहीत नसतो. टॉर तर इतरही अनेक ठिकाणी वापरता येतं. टेल्सचं वेगळेपण ते कसं बसवलं आहे त्यात आहे. फायरवॉलमध्ये थेट बाहेर जाण्याची परवानगी टॉरच्या स्वतःच्या वापरकर्त्याला असते. बाकी कुठल्याही प्रोग्रामने, कितीही घाई केली आणि कितीही चुकीचं बसवलेलं असलं, तरी थेट जोडणीचा प्रयत्न केला की वाट बंद. एखादा प्रोग्राम टॉर वापरायला विसरला, तर तो टॉरशिवाय बाहेर पडत नाही. बाहेरच पडत नाही. भूप रागात मध्यम आणि निषाद लागत नाहीत, आणि त्यांच्या न लागण्यानेच भूप ओळखू येतो. तशीच ही प्रणाली तिच्यात काय होऊ शकत नाही त्यावरून ओळखावी.

एक वर्ज्य स्वर मात्र मुद्दाम घेतला आहे आणि तो कसा घेतला ते बघा. विमानतळावर किंवा हॉटेलात वायफाय मिळवण्याआधी एका पानावर नाव-क्रमांक भरावा लागतो. ते पान टॉरमधून उघडणारच नाही, कारण टॉर अजून जोडलेलंच नाही. त्यासाठी एक वेगळा ब्राउझर ठेवला आहे, वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने, बाकी सगळ्यापासून तोडून. आणि त्याचं नाव आहे ‘अनसेफ ब्राउझर’. सोयीचं, गुळमुळीत असं एखादं नाव देता आलं असतं. तसं न करता धोका थेट मेनूत लिहिला, ही सचोटी मला फार आवडते. 2021 च्या जुलैपासून टेल्स टॉरशी जोडताना आणखी एक प्रश्न विचारतं: आपोआप जोडू, की टॉर वापरताय हेही तुमच्या स्थानिक नेटवर्कपासून लपवू? तंत्रज्ञाने तंत्राविषयी विचारायचं तर ‘ब्रिज (टॉरमध्ये शिरण्याची छुपी वाट) वापरायचा का’ असं विचारलं असतं. इथे प्रश्न वापरणाऱ्याच्या परिस्थितीविषयी आहे, त्याच्या भोवती कोण आहे याविषयी. तांत्रिक निवड त्या उत्तरामागे आपोआप होते.

आता घड्याळ. माझ्या मते टेल्समधली सर्वांत सुंदर जागा हीच, आणि जवळजवळ कुणाच्याच नजरेत न येणारी. टॉरला वेळ बरोबर लागते, कारण टॉरच्या जाळ्याचा सामायिक नकाशा मोजके तासच वैध असतो. घड्याळ मागे असेल किंवा पुढे, तर तो नकाशाच नाकारला जातो. शिवाय चुकलेलं घड्याळ हे स्वतःच एक ओळखचिन्ह असतं. अमक्या मिनिटांनी मागे चालणारं यंत्र म्हणून तुम्ही ओळखले जाऊ शकता. इतर प्रणाली वेळ एनटीपीने घेतात. पण एनटीपी ज्या पद्धतीने चालतं ती पद्धत टॉर वाहून नेत नाही, आणि नेहमीच्या एनटीपीच्या उत्तरावर कुणाची सहीही नसते. मग खरी वेळ विचारायची कुणाला?

टेल्सने उत्तर शोधलं ते असं. जगातले जवळजवळ सर्व वेब सर्व्हर उत्तर देताना शीर्षकात तारीख-वेळ देतात. तेव्हा टॉरमधूनच, कूटबद्ध जोडणीवरून, तीन सर्व्हरना साधी विनंती करायची आणि त्यांची वेळ घ्यायची. हे तीन सर्व्हर कुठूनही उचललेले नसतात. तीन याद्या आहेत. आराखड्यात त्यांची नावंच दिलेली आहेत: पहिली स्नेह्यांची, दुसरी तटस्थांची, तिसरी शत्रूंची. म्हणजे टेल्सच्या विचारांच्या जवळचे सर्व्हर, कुणाच्याच बाजूचे नसलेले सर्व्हर, आणि ज्यांचे हितसंबंध वेगळे आहेत अशांचे सर्व्हर. प्रत्येक यादीतून एक, असे तीन निवडायचे आणि तीन वेळांपैकी मधली घ्यायची. या तीन गोटांनी एकत्र येऊन एकच खोटी वेळ सांगावी हे अशक्यप्राय, कारण त्यांचं आपसात जमतच नाही. एकट्याने खोटं सांगितलं तर त्याची वेळ मधली ठरत नाही, किंवा ठरलीच तर दोन खऱ्यांच्या मधेच अडकते. सरासरी काढली असती तर एका खोटारड्याने सगळं ओढून नेलं असतं. मधली संख्या घेतल्यामुळे तो निष्प्रभ होतो. कुणावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, तेव्हा परस्परांतला अविश्वासच कामाला लावायचा! घड्याळ लावण्यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या कामात एवढी राजनीती जाणून कुणी उतरवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

काम संपलं की बंद करणं. इथे पुन्हा थांबावं लागेल. 2008 मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर लगेच जात नाही; काही सेकंद टिकतो, आणि चिप थंड केली तर कितीतरी जास्त वेळ. संगणक बळजबरीने बंद करून, रॅम काढून, तिच्यातून कूटकिल्ल्या वाचता येतात. म्हणजे ‘सगळं रॅममध्ये आहे, वीज गेली की संपलं’ हा टेल्सचा पायाच थोडा हलला. मग रॅम पुसायला हवी. पूर्वी टेल्स बंद होताना एक दुसरा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चालू करत असे आणि तो रॅमवर फिरून ती पुसत असे. काही यंत्रांवर हा दुसरा कर्नल अडकून बसे. पुढे टेल्स बनवणाऱ्यांनी दुसरी वाट घेतली: कर्नललाच सांगितलं, की मोकळी झालेली प्रत्येक जागा ताबडतोब पुसून टाक. पुसण्याचा वेगळा सोहळा राहिला नाही. पुसणं चालू कामातच मिसळून गेलं.

मात्र एक अडचण उरतेच. तो लिहिता येणारा थर, ज्याच्यावर दिवसभराचं सारं लेखन झालं, तो रॅममध्ये असतो आणि प्रणाली चालू आहे तोवर तो मोकळा होत नाही. जे मोकळं होत नाही ते पुसलंही जात नाही. म्हणून बंद होताना टेल्स आधी एका छोट्याशा आरंभिक यंत्रणेत परत जातं, जिच्यातून सुरुवात झाली होती तशाच, आणि तिथे उभं राहून ज्या मोठ्या प्रणालीवर आपण होतो ती सोडवून टाकतं. सोडवली की ती जागा मोकळी होते, आणि मोकळी झाली की पुसली जाते. आपल्याच पायाखालची जमीन सुरक्षितपणे काढून घेण्याचं हे काम, दिसायला काही सेकंदांचा काळा पडदा.

आणि घाई असेल तर? दार ठोठावलं जातंय, शटडाउनचा मेनू शोधायलाही वेळ नाही, तेव्हा सरळ पेनड्राइव्ह उपसून काढायचा. टेल्स एका पहारेकऱ्याकरवी त्या पेनड्राइव्हवर सतत लक्ष ठेवून असतं आणि तो निघाला की बंद होण्याची प्रक्रिया सुरू करतं. आता विचार करा: बंद करण्याचे प्रोग्राम राहतात कुठे? त्याच पेनड्राइव्हवर, जो आता हातात आहे. बंद व्हायचंय, पण बंद होण्याची आज्ञाच वाचता येत नाही. ही कोंडी त्यांनी आधीच सोडवून ठेवली आहे. मेमलॉकडी नावाचा एक छोटा प्रोग्राम सुरुवातीलाच बंद होण्यासाठी लागणाऱ्या नेमक्या फाइली रॅममध्ये आणून जखडून ठेवतो. तासन्‌तास त्या तिथे काही न करता थांबतात, फक्त या एका प्रसंगासाठी. घड्याळानंतर मला सगळ्यात प्रिय आहे ती ही जागा. तिच्यात हुशारी तर आहेच, त्याहून जास्त आहे ती काळजी: घाबरलेल्या माणसाच्या हाताला जी हालचाल पहिली सुचेल, तीच बरोबर ठरावी याची.

जुन्या आवृत्त्यांत अशाच काळजीतून आणखी एक सोय होती. एका पर्यायाने डेस्कटॉप विंडोजसारखा दिसे, सायबर कॅफेत शेजाऱ्याची नजर पडली तरी खटकू नये म्हणून. 2016 च्या 2.0 आवृत्तीत ग्नोमचं नवं रूप आलं आणि ती गेली. ती परत यायला हवी होती असं मला वाटतं.

सगळंच विसरून चालत नाही, हेही या लोकांनी जाणलं. संकेतशब्द, किल्ल्या, अर्धवट लेख कुठेतरी ठेवावे लागतात. त्यासाठी त्याच पेनड्राइव्हवर कूटबद्ध कायमचा साठा बनवता येतो. तो आपणहून बनत नाही, आणि बनवल्यावरही काय लक्षात ठेवायचं ते एकेक करून सांगावं लागतं. 2023 मध्ये संकेतशब्दावरून त्याची किल्ली बनवण्याची पद्धत बदलून आर्गॉन2आयडी आली, जी संकेतशब्दाच्या प्रत्येक अंदाजासाठी भरपूर रॅम खर्च करायला लावते. त्यामुळे अंदाजांवर अंदाज लावत बसणाऱ्याला ते महाग पडतं. आणि माहितीपत्रात सरळ लिहिलं आहे की हा साठा लपलेला नाही, पेनड्राइव्ह हाती लागणाऱ्याला तो आहे हे कळेल.

इशारे देण्यात टेल्स कधी कंजुषी करत नाही. संगणकाचं मूळ हार्डवेअरच बिघडवलेलं असेल तर आमचा उपयोग नाही, टॉरमधून बाहेर पडताना शेवटचं केंद्र कूटबद्ध नसलेला मजकूर पाहू शकतं, फोटोंत दडलेली माहिती तुम्हाला स्वतःला साफ करावी लागेल: हे सगळं डाउनलोडच्या वाटेवरच वाचायला मिळतं. आणि इशारे पोकळ नाहीत. 2020 मध्ये ‘व्हाइस’ या वृत्तमाध्यमाने उघड केलं, की टेल्समधल्या व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रामच्या त्रुटीचा उपयोग करून अमेरिकेच्या एफबीआयने एका गुन्हेगाराचा खरा आयपी पत्ता मिळवला होता. टॉर तुटलं नव्हतं, फायरवॉलची रचना चुकली नव्हती. एका किरकोळ प्रोग्रामचा टवका उडाला. इतक्या जपून बांधलेल्या वास्तूचंही सगळ्यात कच्चं दार कोणतं असू शकतं, हे रसिकानेही विसरू नये.

बनवणाऱ्यांवरचा विश्वास हा शेवटचा धागा. टेल्सची फाइल ज्या संगणकावर बनते, तो संगणकच कुणी ताब्यात घेतला तर? 2017 पासून टेल्सची बांधणी पुनरुत्पादनक्षम आहे: तोच मूळ कोड घेऊन कुणीही, कुठेही बांधणी केली, तर तयार होणारी फाइल बाइट-बाइट तीच निघते. ऐकायला सोपं, करायला भयंकर चिवट काम. प्रत्येक प्रोग्राम बांधताना कुठेतरी त्या क्षणाची वेळ लिहून ठेवतो, फाइलींचा क्रम बदलतो, उद्या डेबियनच्या भांडारात नवी आवृत्ती येते आणि कालची फाइल मिळत नाही. म्हणून टेल्स डेबियनच्या भांडारांची तारखेनिशी छायाचित्रं जपून ठेवतं, वेळेची प्रत्येक खूण एका ठरलेल्या तारखेवर गोठवतं, क्रम बांधून देतं. अनेक महिने या एकेका फरकाच्या मागे लागून तो मिटवत जाणं, हे दिसणार नाही असं काम. पण दोन अनोळखी माणसांनी दोन देशांत बांधलेल्या फाइलींची पडताळणी-बेरीज जेव्हा शेवटच्या अंकापर्यंत जुळते, तेव्हा बनवणाऱ्यांनी ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणण्याची गरजच उरत नाही.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी: स्वतःचं असं कमीत कमी ठेवायचं. एखादी सुधारणा केली की ती आपल्यापुरती न ठेवता डेबियनकडे पाठवायची, डेबियनने घेतली की आपला कोड पुसून टाकायचा. टेल्समध्ये टॉर ब्राउझरला कुठल्या फाइलींना हात लावता येईल याची मर्यादा अ‍ॅपआर्मर नावाची यंत्रणा अनेक वर्षं घालत आली. ब्राउझर फसवला गेला तरी बाकी घर त्याला उघडता येऊ नये म्हणून. त्या अनुभवावर टेल्सच्या माणसांनी डेबियनमध्येही खपून काम केलं, आणि 2019 मध्ये आलेल्या डेबियन 10 पासून अ‍ॅपआर्मर तिथे मुळातच चालू असतं. सर्व्हर म्हणून, शाळेतल्या प्रयोगशाळेत, घरच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन वापरणाऱ्या कितीतरी जणांनी टेल्सचं नावही ऐकलेलं नसेल. पण त्यांच्या यंत्रांवर ती मर्यादा रोज पाळली जाते.